दलाल कोणाचा?

लक्ष्मीपूजन आटोपून, फराळाचे ताट बाजूला सारून तुम्ही हा अंक हाती घेतला असेल, तर वाचकहो, एकदा मान वर करून आपल्या घराच्या भिंतींकडे पाहा. घर वाडवडिलांचे असेल तर प्रश्नच मिटला. पण ते गेल्या वीसतीस वर्षांत घेतलेले असेल, किंवा भाड्याचे असेल, तर त्याचे कुलूप तुमच्यादेखत पहिल्यांदा बहुधा कोण्या एका माणसाने उघडले होते. त्याचे नाव आठवते का? वास्तुशांतीला तुम्ही गुरुजींना दक्षिणा दिली, गवंड्याला टोपी-उपरणे दिले, सुताराला शर्टाचे कापड दिले. त्या माणसाला जेवायला बोलावले होते का? नसणार. त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये नुसता ‘एजंट’ म्हणून पडून असतो, आणि घरात त्याचा विषय निघाला की ‘तो दलाल’ असाच निघतो.

तो दलाल मी आहे. अगदी तोच नसेन, पण त्याच्याच जातीचा.

मी औरंगाबादचा, म्हणजे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगरचा, एक शाळामास्तर. मॅट्रिकपुढे कॉलेजचे तोंड पाहिले नाही. चित्रकलेची पदविका घेतली आणि एका विनाअनुदानित शाळेत चिकटलो. दोन कादंबऱ्या नावावर आहेत. त्यांच्या मानधनातून एकदा घरात पंखा आला, आणि तो अजून फिरतो आहे, एवढे त्यांचे वाङ्मयीन यश. शाळेचा पगार येतो तेव्हा येतो. म्हणून गेली अकरा वर्षे शाळा सुटल्यावर आणि रविवारी मी घरे, प्लॉट आणि खोल्या दाखवतो. चोरून नव्हे, संस्थेची लेखी परवानगी आहे. ती मागताच मिळाली, कारण परवानगी देणे हे पगार देण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

साहित्यिक मित्रांना हे रुचत नाही. सरस्वतीच्या उपासकाने दलाली करावी म्हणजे काय, असे एकाने मला भर सभेत विचारले. गृहस्थ ज्या घरात राहतात ते त्यांना मीच दाखवले होते. दलाली अजून अर्धी यायची आहे.

‘दलाल’ हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी वाट दाखवणे असा अर्थ आहे. आपल्याकडे येईपर्यंत त्या बिचाऱ्याची वाट लागली. दलालावरचे आरोपपत्र मला तोंडपाठ आहे: तो खोटे बोलतो, दोन्हीकडून खातो, भाव चढवतो, काही न करता पैसे मिळवतो. यातले काही आरोप खरे आहेत. एकच प्लॉट तिघांना विकणारे आमच्यात आहेत, दुसऱ्याच्या जमिनीचे खोटे मुखत्यारपत्र दाखवून इसार घेणारे आहेत, आणि ते तुरुंगात असावेत असे मला तुमच्यापेक्षा जास्त वाटते, कारण त्यांच्या नावाचा चिखल माझ्या धोतरावर उडतो. त्यांची वकिली करायला मी बसलेलो नाही. माझे म्हणणे निराळे आहे. ज्या गोष्टी स्वतःच्या तोंडाने बोलायची तुम्हाला लाज वाटते त्या बोलायला तुम्ही मला ठेवले आहे. आणि बोलून झाल्या की ती लाज तुम्ही माझ्या नावावर चढवता. सातबाऱ्यावर फेरफार करावा तशी.

आधी माझा रविवार सांगतो.

सकाळी नऊ वाजता मी क्रांती चौकात मोटारसायकल लावून उभा असतो. येणारे कुटुंब कधी साडेदहाला येते, कधी येतच नाही. येते तेव्हा सहलीला निघाल्यासारखे येते: नवरा, बायको, दोन मुले, नवऱ्याची आई आणि एक मामा. मामा हा प्रत्येक व्यवहारात असतोच. त्याला काही घ्यायचे नसते. पण गारखेड्यात एके काळी प्लॉट काय भावाने मिळत होता आणि तो त्याने कसा घेतला नाही, ही कथा त्याला दर रविवारी सांगायची असते. मग सातारा-देवळाई, बीड बायपास, पडेगाव, मिटमिटा, हर्सूल, आणि उन्हाला दम असेल तर सावंगी. उघड्या माळावर चुन्याच्या रेघा असतात, कमानीवर ‘ग्रीन व्हॅली’ असे काहीतरी लिहिलेले असते, आणि औषधाला झाड नसते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! नवरा पाय टाकून लांबी मोजतो, बायको स्वयंपाकघर कुठे येईल ते बघते, म्हातारी ‘उत्तर कुठं आली?’ म्हणून विचारते. मी चित्रकलेचा मास्तर. खिशातल्या कागदावर पेन्सिलीने नकाशा काढून देतो, उत्तर दाखवणाऱ्या बाणासकट. प्लॉट दक्षिणमुखी निघाला की सगळे परत गाडीत.

आणि कुठेही गेलो तरी पहिला प्रश्न पाण्याचा. पैठणला जायकवाडीचे धरण आहे. त्यातले पाणी एवढे पसरलेले की लोकांनी त्याला नाथसागर म्हटले. तिथून पन्नाससाठ किलोमीटरवर आमच्या शहरातल्या बायांनी नळाला पाणी येण्याची आठवडा-आठवडा वाट पाहिली आहे, रात्री-बेरात्री उठून पिंपे भरली आहेत. नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. तेव्हा आकडा १६८० कोटींचा होता. पुढे तो २७४० कोटींवर गेला. या साऱ्याचा जाब गिऱ्हाईक कोणाला विचारते? मला. ‘पाणी किती दिवसांनी येतं हो सर?’ खरे सांगावे तर ‘मग दुसरं दाखवा.’ खोटे सांगावे तर राहायला गेल्यावर सगळ्या गल्लीत माझ्या नावाने शंख. निवडणुकीत दाराशी आलेल्या उमेदवाराला हा प्रश्न इतक्या करड्या आवाजात कोणी विचारलेला मी तरी पाहिला नाही.

असे चार महिने हिंडवल्यावर एक दिवस कळते की, दाखवलेल्या घरांपैकी सातवे त्यांनी घेतले. परस्पर. मालकाला गाठले, दोघांनी मिळून माझा टक्का वाचवला आणि तो आपसांत वाटून घेतला. मी विचारले तर उत्तर तयार असते: ‘अहो, ते घर आमच्या मेव्हण्यानं आधीच सांगितलं होतं.’ हा मेव्हणा कोणत्याही रविवारी कधी दिसलेला नसतो. आणि जे थोडे लोक दलाली देतात ते ठरलेल्या एक टक्क्याचा अर्धा करतात, अर्ध्याचा पाव करतात आणि वर म्हणतात, ‘तुम्ही केलंत काय? दार तर उघडलंत!’

दार उघडले, हे खरे. पण ते दार उघडण्याजोगे आहे की नाही हे आधी कोणी पाहिले? मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या जमिनीचे जुने कागद पुण्या-नाशिकच्या कागदांसारखे नाहीत. काही उर्दूत, काही मोडीत. कूळकायदा १९५० चा, तोही हैदराबादचा निराळा. इनामाच्या जमिनी मदतमाश आणि खिदमतमाश अशा तऱ्हेतऱ्हेच्या. सातबाऱ्याच्या एका कोपऱ्यात ‘वर्ग २’ एवढीच मुंगीएवढी अक्षरे असतात, आणि ती न वाचता दिलेल्या पैशांपायी माणसाची नातवंडे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. हे बघायला वकील असतो, कबूल. पण वकिलाकडे जायला हवे आहे, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगायचे? गिऱ्हाईक तर कमानीवरचा रंग पाहून खूश झालेले असते. मी माझ्या हिशेबाने आजवर जेवढे व्यवहार जुळवले त्याहून जास्त मोडले आहेत. मोडलेल्या व्यवहाराची दलाली मिळत नाही.

आता एक नंबर आणि दोन नंबर. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोकड घ्यायची नाही, असा प्राप्तिकराचा नियम १ जून २०१५ पासून आहे. नियम उत्तम आहे. पण विकणारा सभ्य गृहस्थ खरेदीखतावर सरकारी मूल्यदराएवढा आकडा घालतो आणि वरचे ‘तुम्ही बघा’ म्हणतो. बघा म्हणजे काय, तर गाडीच्या मागच्या सीटवर बसून मास्तराने नोटा मोजायच्या. गृहस्थ पुढच्या सीटवर तोंड फिरवून बसतो. पैशाकडे पाहत नाही. त्याने आयुष्यात कधी काळ्या पैशाला हात लावला नाही, असे तो उद्या शपथेवर सांगू शकेल, आणि ते खरेही असेल. हात माझा लागला. माझा वर्षाचा पगार त्या पिशवीच्या एका कोपऱ्यात मावला असता. एकदाच मोजल्या, पुन्हा मोजल्या नाहीत. त्यानंतर त्या गृहस्थांनी मला ‘तुम्हाला धंदा कळत नाही’ असे प्रशस्तिपत्र दिले. हेच गृहस्थ १५ ऑगस्टला आमच्या शाळेत प्रामाणिकपणावर बोलायला आले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मुख्याध्यापकांचे लक्ष होते.

गुंठेवारीविषयी मात्र मला जरा सावकाश बोलावे लागेल. तिथे माझे हात स्वच्छ नाहीत.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे तेहेतीस फुटांचा एक चौकोन. असे चाळीस गुंठे झाले की एकर. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेताचे असे चिमुकले तुकडे पाडून विकता येत नाहीत. आणि आमच्या शहराच्या कडेने शंभरावर वसाहती नेमक्या अशाच तुकड्यांवर उभ्या आहेत. शेतकऱ्याने शेत मोडले, कोणीतरी दोऱ्या लावून वीस बाय तीसचे चौकोन आखले, शंभर रुपयांच्या बॉण्डवर सह्या झाल्या, घरे उठली. अकृषिक परवानगी नाही, मंजूर लेआउट नाही, रस्ता नाही, गटार नाही, बँकेचे कर्ज नाही. माणसे मात्र आहेत. हजारोंनी आहेत.

माझ्या पहिल्याच वर्षी एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक माझ्याकडे आले. फंडाचे पैसे होते. मी त्यांना सांगितले, काका, हा एन.ए. नाही, घेऊ नका. ते हसले आणि म्हणाले, ‘मास्तर, एन.ए.चा भाव तुम्ही भरता का?’ मी गप्प बसलो. बॉण्ड मीच लिहिला. अक्षर चांगले म्हणून. पावसाळ्यात त्यांच्या दाराशी गुडघाभर चिखल होई. मुलाने वर मजला चढवायचा म्हटले तर कर्ज मिळेना. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. त्यात त्या सालापूर्वीचीच बांधकामे बसत होती. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली, तेव्हा कुठे त्यांना अर्ज करता आला, आणि त्याची फी भरायला बायकोच्या पाटल्या गेल्या. ते अजून रस्त्यात भेटले की नमस्कार करतात. त्यांची बायको करत नाही. तिचे बरोबर आहे.

पण मग सगळा दोष माझ्या सुंदर अक्षराचा का? १९७२ साली सरकारने सिडकोला नवे औरंगाबाद वसवायला सांगितले. सिडकोने आखीव रस्ते काढले, एन-वन, एन-टू करत भाग पाडले, आणि त्यांत गिरणीतल्या, कारखान्यातल्या, कचेरीतल्या लहान पगाराच्या माणसाला परवडतील अशी घरे बांधली. त्या घरांत वाढलेली मुले आज परदेशांत आहेत. २००६ मध्ये सिडकोचा तो भाग महापालिकेकडे गेला. मधल्या काळात, १९८५ ला, वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्याच्या मागे शेकडो लहानमोठी वर्कशॉपे आली, आणि बीड-जालना-परभणीहून माणसांचे लोंढे आले. त्या माणसांनी राहायचे कुठे, हा प्रश्न आराखड्याबाहेर राहिला. कायद्यात बसणारे घर त्यांच्या पगारात बसत नव्हते, आणि पगारात बसणारे कायद्यात बसत नव्हते. निम्मे शहर बॉण्डवर वसले ते काही मूठभर दलालांच्या जिभेच्या जोरावर नव्हे.

बरे, कायदा तरी एका जागी उभा राहतो का? १२ जुलै २०२१ ला नोंदणी खात्याचे परिपत्रक निघाले: तुकड्याची रजिस्ट्री करायची नाही. ५ मे २०२२ ला उच्च न्यायालयाच्या आमच्याच औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. पुढे सरकार त्याविरुद्ध भांडत राहिले. २०२५ मध्ये विधिमंडळात घोषणा झाली की, शहरी भागातले जुने तुकडे नियमित करणार. या सगळ्या वर्षांत माझ्या फोनवर दररोज एकच प्रश्न: ‘सर, रजिस्ट्री होते का?’ सोमवारी ‘होत नाही’ म्हणालो तर मी अडाणी, गुरुवारी ‘होते म्हणतात’ म्हणालो तर मी लबाड. सरकार आपले मत बदलते तेव्हा त्याला धोरण म्हणतात.

सरकारने आमच्यासाठीही एक कायदा केला, आणि त्याच्या मी बाजूने आहे. २०१६ चा रेरा. १ मे २०१७ पासून आपल्याकडे महारेराचे काम सुरू झाले. मी दहा हजार रुपये भरून नोंदणी केली. मग २०२३ मध्ये ठरले की, एजंटाने वीस तासांचे प्रशिक्षण घ्यायचे आणि परीक्षा द्यायची. बावीस वर्षे परीक्षेत पोरांवर पहारा केलेला मी पंचेचाळिशीत स्वतः परीक्षेला बसलो! शेजारी एक निवृत्त तलाठी होते; ते माझ्या उत्तरांकडे बघत होते. मी हाताने झाकली. पास झालो. करारनाम्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरने दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, जागा चटई क्षेत्रावरच विकायची, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर एजंटाने विकायचे नाही, या सगळ्या गोष्टी सुशिक्षित गिऱ्हाइकांना आजही मी सांगतो तेव्हा ते माझ्याकडे संशयाने बघतात. दलाल इतके खरे का बोलतो आहे, यात काहीतरी डाव असणार!

पण रेरा नव्या प्रकल्पांपुरता. जुने घर विकताना किंवा खोली भाड्याने देताना तो दारातच उभा राहतो. भाडेकराराची नोंदणी करणे ही १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, हे ऐकून अर्धे घरमालक हसतात. आणि मालकाने परीक्षा द्यावी असे तर अजून कोणी सुचवलेले नाही.

आता खोलीविषयी. इथवर थोडेफार हसत आलो. पुढे ते जमेल असे वाटत नाही.

खोली भाड्याने द्यायची असली की मालक फोन करतो. फॅमिलीच पाहिजे. एकटा पोरगा नको, एकटी बाई तर नकोच. घरात मांसमच्छी शिजायला नको. मी लिहून घेतो. मग आवाज उतरतो: ‘आणि सर, आपल्यातलेच बघा हो.’ आपल्यातले म्हणजे कोण, हे आजवर एकाही मालकाने सांगितले नाही. अकरा वर्षांत त्यांना ते सांगावे लागले नाही, यातच माझे पाप आले. मी गिऱ्हाइकाला नाव विचारतो आणि मग अगदी सहज, हजेरी घेतल्यासारखे, आडनाव विचारतो. पुढचे मला समजते. ‘ती खोली गेली हो,’ मी म्हणतो.

एका जातीचे किंवा एका धर्माचे मालक हे करतात असे नाही. गल्ली ओलांडली की ‘आपल्यातले’ बदलतात. वाक्य तेच राहते, उतरलेला आवाज तोच राहतो.

आणि हे कोणत्या शहरात? हबशी देशातून गुलाम म्हणून विकला जात जात आलेला एक माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने १६१० मध्ये हे शहर वसवले, तेव्हा त्याचे नाव खडकी होते. त्या मलिक अंबरने काढलेल्या नहरींचे पाणी शहराने शतकानुशतके प्यायले. मोगलांबरोबर रजपूत सरदार आले, त्यांची पदमपुरा, कर्णपुरा, जयसिंगपुरा ही नावे आपल्या पत्त्यांत आजही आहेत. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे कॉलेज काढले, ज्यांना कोणी वर्गात घेत नव्हते त्यांच्यासाठी. १९९४ मध्ये विद्यापीठाला त्यांचे नाव लागले. सभांतून हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. मी फक्त एवढेच विचारतो की, मलिक अंबर आज माझ्याकडे वन रूम किचन मागायला आला, तर या शहरात मी त्याला कुठली खोली दाखवू?

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये माझा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला. इंटरमीजिएटच्या परीक्षेत त्याला ‘ए’ ग्रेड होती. अक्षरलेखनात तर त्याचा हात माझ्यापेक्षा बरा. वाळूजला कंपनीत लागला होता. आईचे गुडघे गेलेले, जिने चढवत नव्हते, दवाखान्याजवळ तळमजल्याची खोली हवी होती. ‘सर, तुमच्याकडं असंल तर बघा ना.’ होती. नेमकी तशीच, तळमजला, दारात पाणी, दवाखाना दोन मिनिटांवर. किल्ली माझ्या खिशात होती. मी बाजूला जाऊन मालकाला फोन लावला. सुशिक्षित माणूस, वाचनालयात माझी कादंबरी वाचून कौतुक केलेला. मुलगा चांगला आहे, माझा विद्यार्थी आहे, म्हणालो. ‘आडनाव काय?’ मी सांगितले. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग, ‘असं करा, त्यांना सांगा गेली खोली. तुम्हीच सांगा, माझं नाव नका घेऊ. वाईट वाटेल त्यांना.’

मी परत आलो आणि म्हणालो, ‘गेली रे. सकाळीच गेली.’ ‘बरं सर,’ तो म्हणाला आणि पाया पडून गेला. किल्ली माझ्या खिशातच होती.

आठ दिवसांनी माझ्या फोनवर त्याने एक फोटो पाठवला. सोबत एक अक्षर नाही. त्या घराच्या फाटकावर टांगलेला पत्र्याचा बोर्ड: पिवळ्यावर काळ्या रंगात ‘खोली भाड्याने देणे आहे’. खाली माझा नंबर. आणि अक्षर माझे. त्या ‘ख’चे वळण मीच त्याला सातवीत फळ्यावर गिरवून दिले होते.

मी त्याला काही उत्तर पाठवू शकलो नाही. घरमालकाला मात्र संध्याकाळी बोर्ड काढून नेला, किल्ली टेबलावर ठेवली. तो दुखावला. माझ्या घरात कोणाला ठेवायचं हे मी ठरवणार, म्हणाला. ठरवा की! मी कुठे नाही म्हणतो? घर तुमचे आहे. पण ठरवलेत तर सांगाही तुम्हीच. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगा की, तुमचे आडनाव आम्हाला चालत नाही. ते जमत नसेल तर का जमत नाही, याचा विचार रात्री पडल्या पडल्या करा. त्यासाठी महिन्याच्या भाड्याएवढ्या पैशांत मला विकत घेऊ नका. खरेदीखतावर खरा आकडा घालायचा नसेल तर नोटा स्वतः मोजा. आणि घर घेतलेत तर ठरलेली दलाली द्या. मेव्हण्याला मधे आणू नका.

तेव्हापासून मी निरोप पोहोचवणे बंद केले आहे. गिऱ्हाइकाला आडनाव विचारत नाही; त्याला घेऊन थेट मालकाच्या दाराशी जातो. धंदा निम्म्यावर आला. ‘मास्तर फार स्पष्ट झालेत’ असे बाजारात म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. बायको हिशेबाची वही माझ्यापुढे उघडी ठेवते, बोलत काही नाही.

या दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका ओळखीच्या वहिनींचा फोन आला. वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. माझ्याकडे दवाखान्यात नर्स असलेली एक बाई होती, म्हातारी आई आणि सहा वर्षांची मुलगी घेऊन हिंडत असलेली. चार ठिकाणी ‘खोली गेली’ हे ऐकून आलेली. वहिनींनी चौकशी केली, नवरा कुठे, नाव काय, आणि म्हणाल्या, ‘नको हो सर. तुम्हीच सांगून टाका ना काहीतरी. तुमचं कामच आहे ते.’

मी म्हणालो, ‘नाही वहिनी. उद्या अकराला मी त्यांना घेऊन येतो. तुम्ही सांगा.’

दसऱ्याला अकरा वाजता आम्ही गेलो. दाराला झेंडूचे तोरण होते. मुलीच्या हातात आपट्याची पाने होती. कोणाच्याही घरी गेलो की द्यायची, असे तिला आजीने सांगितले होते. मी बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. पावले दारापर्यंत आली आणि थांबली. पुन्हा वाजवली. दार उघडले नाही.

पाचएक मिनिटे आम्ही तसेच उभे होतो. मग मुलीने पाने उंबऱ्यावर ठेवली, आणि तिच्या आईने मला विचारले, ‘सर, आणखी कुठे आहे का दुसरी?’